चुलीत काय जाळता?

कापसानं मार खाल्ला त्या वर्षांत बोरझरीला दुसऱ्या कशाचीही टंचाई पडली असेल, वही घेऊन येणाऱ्या माणसांची पडली नाही. पांढरकवड्याकडून जीप यायची, चिंचेखाली थांबायची आणि तिच्यातून वही उतरायची. कोणी बियाण्याचं विचारायचं, कोणी औषधाच्या फवाऱ्याचं, कोणी घरातलं माणूस कसं गेलं ते विचारून फोटो काढायचं. गाव हळूहळू शहाणं झालं. कोणत्या वहीला जमीन कमी सांगायची, कोणत्या वहीला लेकरं जास्त सांगायची, हे बायकांना पाठ झालं. एकाच प्रश्नाचं उत्तर मात्र सगळ्या वह्यांना सारखं होतं. चुलीत काय जाळता? पऱ्हाटी.

कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. ती शेतकऱ्याची स्वतःची, तिच्यावर कोणाचा डोळा नाही, कोणता कायदा नाही. अडचण एवढीच की बोरझरीच्या दोनशे दहा घरांपैकी नव्वद घरांना शेतच नव्हतं. त्यांची चूल अर्ध्या कोसावर सुरू होणाऱ्या जंगलाच्या जिवावर पेटायची. बाई पहाटे जायची, मोळी डोक्यावर घेऊन यायची आणि दारात टेकवली की त्या मोळीची पऱ्हाटी व्हायची. सागाची ढलपी असली तरी पऱ्हाटी. जंगलखात्याचा गार्ड उत्तमसिंग गावालगतच्या बंजारा तांड्यातला, रोज भेटणारा माणूस. पण कुऱ्हाड दिसली की जप्त करायचा आणि पावती द्यायचा. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. पगार त्याच कामाचा होता.

अशा गावात सलील आला. नागपूरच्या एका संस्थेचा मुलगा, घरात तीन पिढ्या नोकरीच्या, शर्ट खोचलेला. विहारासमोरच्या मांडवात त्यानं भिंतीवर कागद लावला. कागदावर एक रेघ होती, डावीकडून बरीच वर्षं सपाट येणारी आणि उजवीकडे पोचता पोचता चढणीला लागलेली.

"हे पृथ्वीचं तापमान," तो म्हणाला. "कारखाने सुरू झाले, कोळसा आणि तेल जाळायला लागले, तेव्हापासून धूर वर साठतोय. उत्तरेचा बर्फ वितळतोय."

"बर्फ आमी गोळ्यावाल्याकडंच पाह्यला, सर," बायकांतून कोणीतरी म्हणालं. "थो तं पयलेपासूनच वितयते."

सलील हसला. तेव्हा मागे बसलेला नानाजी उठला. कोलामपोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा म्हातारा, बोलायचा कमी. "पाऊस तितकाच पडते," तो म्हणाला. "पण पयले थो राहाले यायचा. आता झडती घ्याले येते. आला, घर उलटंपालटं केलं, गेला. मंग वीस दिवस तोंड दाखवत नाई."

सलीलनं ते वाक्य लिहून घेतलं. नंतर तो म्हणाला की मोठमोठ्या रजिस्टरांतून, हजार हजार पावसाचे आकडे मिळवून शास्त्रज्ञांनी जवळपास हेच काढलंय. नानाजीला आनंद झाला नाही. माहीत असलेलंच कोणी पुन्हा सांगितलं की होत नाही.

मग कामाची गोष्ट निघाली. जपानातल्या क्योटो नावाच्या गावी देशादेशांनी करार केला होता. ज्या श्रीमंत देशांनी जास्त धूर केला त्यांनी तो कमी करायचा. घरी जमत नसेल तर दुसऱ्या देशात कोणाचा तरी धूर कमी करून द्यायचा आणि तो आपल्या नावावर मांडायचा. म्हणून संस्था बोरझरीला सुधारित चुली फुकट देणार. लाकूड अर्धं लागतं, घरात धूर होत नाही. पहिल्या खेपेला चाळीस. चुलींनी लाकूड खरंच वाचवलं हे बाहेरच्या तपासणीत सिद्ध झालं तर दुसऱ्या खेपेला साठ.

"म्हंजे आमच्या चुलीतला धूर कमी करून थ्यायच्या कारखान्याचा धूर माफ?" हे विचारणारी सत्यभामा. बचत गटाची अध्यक्ष, पंचेचाळिशीची, प्रश्न विचारताना समोरच्याच्या चेहऱ्याकडं न पाहता हाताकडं पाहणारी. हात खोटं बोलत नाहीत असं तिचं म्हणणं.

"माफ नाही, ताई. म्हणजे... वजाबाकी."

"वजाबाकी आमच्यातून अन् उत्तर थ्यायचं," सत्यभामा म्हणाली. सगळ्या हसल्या. पण चुलींच्या यादीचं काम तिनंच घेतलं. कारण साधं होतं. तिची सून मोनाली तीन महिन्यांची गरोदर होती आणि खिडकी नसलेल्या खोलीत खोकत भाकरी थापायची. पहिल्या चाळीस चुली चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तिच्या घराची चिठ्ठी निघाली नाही. आता दुसऱ्या खेपेवरच सारं होतं.

तपासणी फाल्गुनात ठरली. तपासणारा माणूस परदेशातून येणार असं गावानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. उतरला तो चेन्नईचा निघाला, रंगानं बोरझरीचाच, हिंदी मात्र बोरझरीपेक्षा कच्ची. त्यानं गार्डसारखी खाकी पँट घातली होती. हे त्याचं दुर्दैव की गावाचं, ते ठरवणं कठीण.

सत्यभामेनं आदल्या दिवशी घरोघर सांगितलं होतं, साहेब येणार हाय, अंगण साफ करा. तिच्या मनात झाडलोट होती. बायकांनी ऐकलं आणि मोळ्या गोठ्यामागं नेल्या, वर पऱ्हाटी रचली. ज्यांना शेत नव्हतं त्यांनी शेजारच्या धुऱ्यावरून पऱ्हाटी मागून आणली. सकाळी साहेब वस्तीत शिरला तेव्हा बोरझरी कधी नव्हे इतकी कापसाची वाटत होती.

वीस घरांची नावं चिठ्ठ्यांतून निघाली, काही चूल मिळालेली, काही न मिळालेली. साहेब दारात उभा राहायचा, वही उघडायचा आणि विचारायचा, "पहले चूल्हे में क्या जलाते थे?"

"पऱ्हाटी."

दुसरं घर. "पऱ्हाटी, साहेब. फक्त पऱ्हाटी." तिसऱ्या घरातल्या म्हातारीनं तर प्रश्नाची वाट पाहिली नाही, साहेबाची खाकी पँट पाहिली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "पऱ्हाटी हाय!"

सात घरं झाली. सलीलचा चेहरा उतरत गेला. सत्यभामेला वाटलं ऊन लागलं. साहेब पाणी प्यायला शाळेच्या ओट्यावर बसला तसं सलीलनं तिला पिंपळाआड घेतलं.

"ताई, या बायका खोटं काहून बोलून राहिल्या?" घाबरला की त्याच्या तोंडी नागपूर यायचं.

"खोटं काय बोलल्या?"

"पऱ्हाटी! पऱ्हाटी दरवर्षी उगवते, दरवर्षी जळते. तिचा धूर पुढच्या वर्षीचं पीकच शोषून घेतं. म्हणून हिशेबात तिचा धूर शून्य. पऱ्हाटी वाचवली तर काहीच वाचवलं नाही. जंगलाचं लाकूड वाचलं तरच मोजतात. अजून तीन-चार घरं अशीच बोलली की बोरझरी बाद. साठ चुली दुसऱ्या तालुक्यात जातील."

आयुष्यभर ज्या शब्दानं वाचवलं तोच आज बुडवणार होता. आणि तो शब्द सत्यभामेनंच लेकीसुनांना शिकवला होता.

"मंग सांगा नं त्यांना," सलील म्हणाला. "तुमचं ऐकतात. खरं सांगा म्हणावं."

"थो साहेब नाव लिहिते?"

"नाव, सही, अंगठा. त्याशिवाय पुरावा होत नाही."

"अन् मंग कागद कुठं जाते?"

"रिपोर्ट होतो. तो लपवून ठेवत नाहीत, ताई. नेटवर टाकतात. जगात कोणीही वाचू शकतो."

"कोनीही म्हंजे," सत्यभामा म्हणाली, "उत्तमसिंग बी?"

जगाचा विचार सलीलनं पुष्कळ केला होता. जगात उत्तमसिंग येतो हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"बिना नावाचं लिवता येत नाई?"

त्यानं जाऊन साहेबाला विचारलं. साहेब भला माणूस होता, मान मात्र आडवी हलवली. नाव नसलेल्या घराला मोजता येत नाही. सत्यभामेनं साहेबाच्या वहीतली पुढची चिठ्ठी मागून घेतली आणि सलीलला वाचायला लावली. मग ती पदर खोचून तांड्याच्या वाटेला लागली. "साहेबाले अर्धा घंटा चहा पाज," जाता जाता म्हणाली. "दोन कप पाज."

आठवं घर बसंतीबाईचं होतं. बसंतीबाई राठोड, उत्तमसिंगची आई, पासष्टीची. पहिल्या खेपेत तिला चूल मिळाली होती. गार्डच्या घरात चूल गेली म्हणून तेव्हा वस्तीत कुरकुरही झाली होती. ती दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"ये बेटा भामा. खाकीवाला कुठवर आला?"

"तुह्याच घरी येऊन राह्यला, मावशी. चिठ्ठी निघाली."

"येऊ दे. पऱ्हाटी सांगतो."

सत्यभामा तिच्याजवळ बसली. दोन-चार शेंगा सोलल्या. मग सगळं सांगितलं. पऱ्हाटीचा धूर शून्य, लाकडाचा मोजतात, नाव लागतं, नाव जगभर जातं. काही लपवलं नाही.

"मंग मले काय सांगते? मी तं गार्डची माय. मले तं सगळ्यात पयले पऱ्हाटी सांगा लागन."

"नाई मावशी. तुले लाकूड सांगा लागन. सगळ्यात पयले तुले."

"काहून?"

"वहीत आतापर्यंत लाकडाचं एक बी नाव नाई. पयलं नाव तुहं पडलं तं खालचे बारा बायका सुटते. उत्तमसिंग उद्या थो कागद हाती घेईन तं वरच त्याच्या मायचं नाव दिसन. माय सोडून बाकीच्याईवर थो केस करन का?"

बसंतीबाईचे हात थांबले. "असं. म्हंजे माह्या पोराच्या डोयावर माहा पदर टाकून तुमी पलीकडं जाता."

"हो," सत्यभामा म्हणाली. "असंच हाय. दुसरं सुचलं नाई."

"अन् त्याच्या नोकरीले काई झालं तं?"

"मले माहीत नाई. होणार नाई असं वाटते. पण माहीत नाई."

हे 'माहीत नाई' दोनदा आलं म्हणून म्हातारी बसून राहिली. पहिल्या दुसऱ्या वाक्याला 'काई होत नाई, मावशी' असं कोणी म्हणालं असतं तर तिनं शेंगांचं सूप उचलून आत नेलं असतं. वहीवाल्यांची सारी वर्षं ती 'काई होत नाई' ऐकत आली होती.

बसंतीबाईनं तंबाखूची डबी काढली. चिमूट मळली. "अकरा वर्सं झाले त्याले नोकरी लागून," ती म्हणाली. "अकरा वर्सं मी त्याचा बीट कोनता हाय ते पाहून दुसऱ्या बाजूनं जंगलात जातो. सासूले भ्याव, नवऱ्याले भ्याव, अन् आता पोटच्या पोराले भ्याव. थो घरी येते, गरम भाकर खाते. ताटाकडं पाह्यते, माह्याकडं पाह्यते, चुलीकडं कधी पाहत नाई. तिकडं मानच वळत नाई त्याची. पोरगा बी शाहाणा, माय बी शाहाणी." चिमूट गालात गेली. "कागदावर लिवलं तं पाहील?"

"कागदावरचं पाहा लागते, मावशी. थ्याची नोकरीच कागदाची हाय."

"मंग बोलाव."

साहेब आला. "पहले क्या जलाते थे?"

"लकडी," बसंतीबाई म्हणाली, आणि तिच्या घरात आजवर न उच्चारलेला शब्द जोडला, "जंगल की." मग साहेबाला मागच्या अंगणात नेऊन पऱ्हाटीचा भारा पायानं बाजूला केला. खाली धावड्याची आणि ऐनाची लाकडं होती. "हफ्ते में चार गट्ठा लगता था. अब दो." अंगठा देताना तिनं तो इतका दाबला की शाई चारी बाजूंनी फुटली.

दारात तांड्यातल्या बायका जमल्या होत्या. त्यांनी पाहिलं. बातमी साहेबाच्या आधी नवव्या घरी पोचली.

पुढचं सांगायचं तर माणसाचा स्वभाव. खरं बोलायची भीती गेली की खरं वाढवायची हौस येते. नवव्या घरानं आठवड्याला पाच मोळ्या सांगितल्या. दहाव्या घरातल्या कुंदानं नवव्या घराकडं तुच्छतेनं पाहून सात सांगितल्या. अकराव्या घरानं नऊ. सकाळी जंगलात पाय न ठेवणारी बोरझरी दुपारपर्यंत सगळं जंगल डोक्यावर आणून मोकळी झाली. साहेबानं पेन खाली ठेवलं आणि सलीलला म्हणाला की या हिशेबानं तिकडं एकही झाड उभं नसायला पाहिजे.

मग सत्यभामा कुंदाच्या अंगावर धावली. "कायची सात? तुह्यानं तं चार बी होत नाई! सकाळी भ्याले अन् दुपारी फुगले. सकाळचं खोटं पोटासाठी होतं. हे कायच्यासाठी हाय?" कुंदा तीनवर आली. साहेबानं पिशवीतून काटा काढला, गोठ्यामागची एक मोळी टांगली. अठरा किलो. दुसरी, सतरा. कापूस मोजून मोजून काटा वाचायला शिकलेल्या बायका वाकून वाकून पाहत होत्या. कित्येक वर्षं डोक्यावर आणलेल्या वस्तूचं वजन त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी सलीलनं साहेबाला विनवलं की सकाळची सात घरं पुन्हा विचारा. साहेब म्हणाला, लिहिलं ते लिहिलं. उत्तर बदलून घेतलं तर तपासणी कसली? वीसपैकी तेरा घरं लाकडाची, सात पऱ्हाटीची. त्याच प्रमाणात साठातल्या एकोणचाळीस चुली मंजूर झाल्या. खोट्याला सात घरं म्हणजे एकवीस चुली पडल्या. सत्यभामेनं हे गणित गटाच्या सभेत मांडलं आणि कोणाचं नाव न घेता सात जणींकडं पाहिलं.

चुली भाद्रपदात आल्या. चिठ्ठ्या पडल्या, या वेळी सत्यभामेच्या घराची निघाली. मोनालीचं बाळ तेव्हा अडीच महिन्यांचं होतं. चुलींच्या टेम्पोतच सलीलनं रिपोर्टही आणला, एकशे चौदा पानांचा, इंग्रजी. मोनाली बारावी झालेली. विहाराच्या पायरीवर बसून ती लाकडाच्या घरांची नावं वाचायला लागली. "बसंतीबाई राठोड. फॉरेस्ट वूड. चार मोळ्या. बहात्तर किलो." बायका आपलं नाव आलं की एकमेकींना कोपर मारत होत्या.

उत्तमसिंग कधी येऊन उभा राहिला ते कोणाला कळलं नाही. मोनाली थांबली. कोणी तरी सवयीनं पुटपुटलं, "पऱ्हाटी."

"दाखव," तो म्हणाला.

मोनालीनं सासूकडं पाहिलं. सत्यभामेनं मान हलवली. त्यानं पान हातात घेतलं. पहिली ओळ वाचली. पुन्हा वाचली. खालच्या ओळींकडं त्याची नजर गेलीच नाही.

"भामावहिनी, माह्या मायचं नाव पयलं काहून?"

"पयलं असलं की खालचे वाचा लागत नाई, भाऊ."

उत्तमसिंग हसला नाही, रागावलाही नाही. आईकडं वळला. ती पायरीच्या टोकाला बसली होती, नव्या चुलीच्या खोक्याला टेकून.

"याडी, बहात्तर किलो? हफ्त्यात?"

"पयले. आता छत्तीस."

"कोन्या बाजूनं जात होती?"

"जिकडं तू नाई तिकडून."

तो पायरीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अकरा वर्षांत त्यानं किती कुऱ्हाडी जप्त केल्या त्याचा हिशेब त्याच्याकडं होता, तारखेसकट. किती वेळा आईच्या दिशेनं गेला नाही त्याचा नव्हता. मग त्यानं सलीलला विचारलं, "हा कागद घेते कोन?"

"वीज बनवणारी एक कंपनी. युरोपातली."

"थे काय जाळते?"

"कोळसा."

"किती?"

"पुष्कळ. म्हणजे आपल्या सगळ्या चुलींनी वर्षभरात वाचवलं तेवढं त्यांचं काही मिनिटांत..." सलील थांबला. हे त्याला आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

"माह्या मायचं नाव हाय," उत्तमसिंग म्हणाला. "अंगठा हाय. जंगल कोनतं, मोळ्या किती, किलो किती, समदं हाय. जगात कोनीही वाचू शकते म्हणता. वाचू द्या. खरं हाय ते." त्यानं रिपोर्ट सलीलपुढं धरला. "आता थ्यायचं सांगा. कंपनीचं नाव, कोळसा कुठला, वजन किती. कोन्या पानावर हाय?"

"ते... त्यांचा वेगळा रिपोर्ट असतो. यात नसेल बहुतेक."

"पाहा तं खरं," बसंतीबाई म्हणाली. "आमाले घाई नाई."

सलील पानं उलटायला लागला. मोनाली त्याच्या खांद्यावरून पाहत होती, बाळ मांडीवर झोपलं होतं. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, कोणी उठलं नाही. एकशे नवव्या पानावर खरेदीदाराचा पत्ता निघाला. एक नाव, एक रस्ता, एका शहराचा पिनकोड. सलीलनं तो मोठ्यानं वाचला.

"अन् वजन?" सत्यभामेनं विचारलं. ती त्याच्या हाताकडं पाहत होती.

सलील शेवटच्या पानापर्यंत गेला, आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून बघायला लागला.